उगवलेला वास

माझ्या नोकरीत सरकारनं मला सायकल दिली, फिनेलचा डबा दिला, चुन्याची पोती दिली आणि गणपत नावाचा शिपाई दिला. नाक तेवढं मी घरून आणलं होतं. सगळी नोकरी त्या नाकाच्या जोरावर झाली आणि एकदा त्याच नाकानं मला तोंडघशी पाडलं. दिवाळीच्या फराळाबरोबर घाण वासाची गोष्ट वाचायला देतोय याबद्दल वाचकांनी माफ करावं. संपादक म्हणाले, तुमच्या कामातलं काहीतरी लिहा, आणि माझ्या कामात अत्तर नव्हतं.

साठच्या दशकात मी पालघर तालुक्यात स्वच्छता निरीक्षक होतो. तोंडावर लोक 'सॅनिटरी साहेब' म्हणत आणि पाठ वळली की 'फिनेलवाला'. विहिरींत पावडर टाकणं, देवीची लस टोचणाऱ्यांबरोबर वाड्या-पाडे हिंडणं, डासांवर फवारे मारून घेणं, जत्रेतली नासकी मिठाई उचलून फेकणं, ही रोजची कामं. त्याशिवाय कुठून वासाची तक्रार आली की जाऊन तो कशाचा आहे हे शोधायचं. हे काम मात्र कुठल्या वर्गात शिकवलेलं नव्हतं.

वास शोधणं म्हणजे नुसतं हुंगत फिरणं नव्हे. आधी वारा कुठला आहे ते बघायचं. मग त्याच्याकडे तोंड करून डोळे मिटून उभं राहायचं. घाई केली की नाक मरतं. दहा मिनिटांत ते वासाला सरावतं आणि मग साक्षात नरकात उभं राहिलात तरी काही कळत नाही. मेलेला उंदीर गोडसर येतो. मेलेलं कुत्रं घशाला लागतं. तुंबलेल्या गटाराचा वास जड असतो, तो जमिनीलगत राहतो. पावसात भिजलेली सुकट वेगळी, सडलेला पेंढा वेगळा. एका घरात शिरल्या शिरल्या मी सांगितलं होतं, "माळ्यावर, डाव्या कोपऱ्यात, चिचुंद्री." निघाली चिचुंद्रीच. गणपत ही गोष्ट गावोगाव सांगायचा आणि मी ऐकू येत नसल्यासारखं करत ऐकायचो.

गणपत मुरब्याचा, मच्छीमार घरातला. होडीत बसलं की त्याला उलट्या व्हायच्या म्हणून बापानं त्याला सरकारी नोकरीत ढकललं होतं. माझ्यापेक्षा वयानं मोठा आणि अकलेनंही, हे मला फार उशिरा कळलं.

या लेखात ज्यांच्याविषयी सांगणार आहे ती मंडळी म्हणजे रानातल्या वास मारणाऱ्या छत्र्या. खायची अळंबी सगळ्यांना ठाऊक असते. वारुळावर उगवते, बाजारात पानाच्या द्रोणात येते आणि सकाळच्या सकाळी संपते. ही त्यांची बदनाम भावंडं. आधी जमिनीत अंड्यासारखी पडून असतात. एका सकाळी अंडं फुटतं, आतून काहीतरी विचित्र वर येतं, मढ्यासारखा वास सोडतं, माश्यांना जेवायला बोलावतं आणि संध्याकाळपर्यंत विरघळून जातं. त्या माश्याच त्याचं बी पायाला लावून दुसरीकडे नेतात, असं मला पुढे एका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी सांगितलं. फुलं जे सुगंधानं करतात तेच हे दुर्गंधानं करतं, असं ते म्हणाले आणि मी ते डायरीत लिहून ठेवलं.

पुढे मला या छत्र्या जागोजाग भेटल्या. मुरब्याहून एकदा वासाची तक्रार आली तेव्हा आम्ही ऑफिसात पोट धरून हसलो. जिथे वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळतात, ओट्यावर जवळा, अशा गावानं वासाची तक्रार करायची? गेलो तर चार बायका कमरेवर हात ठेवून उभ्याच. त्यातली एक म्हणाली, "साहेब, आमचा वास आमाला ठावा हाय. हा आमचा नाय." खरंच त्यांचा नव्हता. माडाखालच्या वाळूत लालभडक जाळीदार गोळा उगवला होता, पोरानं रंगवलेल्या काड्यांचा पिंजरा करावा तसा. पालघरात एका वकिलांच्या बागेत तसाच निघाला तर वकीलीणबाईंनी शेजारणीनं करणी केली म्हणून दोन दिवस चूल पेटवली नव्हती. वकीलसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "काहीही असो, तुम्ही लिंबू-मिरच्या टाकल्यासारखं करा आणि जा." मी त्यांना अंड्यापासून सगळी हकिगत समजावून सांगितली. तोपर्यंत मी शहाणा झालो होतो. पण शहाणा होण्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली होती, आणि तेच सांगायला मी बसलो आहे.

बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी एक पाडा आहे. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत. वीस-पंचवीस झोपड्या, मध्ये भाताची खाचरं, आणि पाड्यात जायच्या वाटेवर एक ओढा. उन्हाळ्यात त्याच्यात बकरीचे खूर भिजत नाहीत. आषाढात त्याच्यासमोर उभं राहिलं की समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. ढग डोंगरावरून उतरून सरळ झोपड्यांच्या कुडांना टेकतात. त्या भागात फिरताना माणूस जागा आहे की झोपेत चालतो आहे हे त्याचं त्यालाच कळू नये, अशी ती हवा. मला ती फार आवडायची.

त्या पाड्याचे पोलीस पाटील एके दिवशी ओलेचिंब होऊन ऑफिसात आले. म्हणाले, "काशी सुईणीच्या घरामागं मढ्याचा वास सुटलाय. दोन सकाळी झाल्या."

काशी पन्नाशीची होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पाड्यातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. तिच्या घरामागे कळकाचं, म्हणजे बांबूचं, मोठं बेट होतं आणि तिकडे तिच्याशिवाय कुणी फिरकत नसे. आम्ही पोचलो तोवर दुपार झाली होती. सगळा पाडा लांब, ओळीनं उभा.

वास होता. मी वाऱ्याकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि मनात म्हटलं, कुजलेलं मांस, तीन दिवसांचं, लहान जिवाचं. पुढे गेलो. कळकाच्या कुजक्या पाल्यात काहीतरी पांढरं पडलं होतं. बारीक जाळीचं, ओलं, जमिनीला चिकटलेलं. त्याच्या टोकाला हिरवट-काळा लगदा आणि त्यावर माश्यांचा थर. दोन हातांवरून, नाकाला रुमाल लावून मी एवढंच पाहिलं. चिंधीत गुंडाळलेलं कसलंतरी पिल्लू, असा निकाल दिला आणि मागे फिरलो.

काशी जवळ आली. तिच्या बोलण्यात मला साहेब म्हणणंही होतं आणि अरे-तुरेही होतं, तिकडे तसंच बोलतात. ती म्हणाली, "साहेब, हा मेलेला नाय. हा उगवलेला हाय."

"वास उगवतो होय, काशीबाई?" मी म्हटलं. लांब उभी असलेली दोन-चार माणसं हसली आणि मला बरं वाटलं.

गणपत म्हणाला, "साहेब, काठीनं परतून बघू तरी काय हाय ते."

"बघायचं काय त्यात? नाक आहे ना माझं," मी म्हणालो.

मग आमची ठरलेली रीत. हातभर खड्डा, त्यात ते पांढरं लोटलं, वर फिनेल, वर चुना, वर माती, वर पुन्हा चुना. काशीनं तांब्याभर पाणी आणलं. पावसाळ्यात पाड्यावरचं न उकळलेलं पाणी प्यायचं नाही हा आमच्या खात्याचा नियम, आणि मी तो पाळणारा माणूस. मी हातानंच नको म्हटलं. नोंदवहीत 'कारण' या रकान्यात लिहिलं: मृत जनावर. 'उपाययोजना' या रकान्यात लिहिलं: पुरून चुना टाकला, दुर्गंधी नाहीशी. पाटलांची सही घेतली. खरोखरच दुर्गंधी नाहीशी झाली होती. परत येताना मी सायकलवर शीळ घालत होतो असं गणपतनं मला पुढे सांगितलं.

पंधरा दिवस गेले असतील. सकाळी ऑफिस उघडायला आलो तर व्हरांड्यात काशी बसलेली. डोक्यावरचं इरलं शेजारी उभं करून ठेवलेलं, त्यातून पाणी ठिबकत होतं. मला बघून उठली आणि म्हणाली, "तू टाकलास तो चुना उचल."

मी हसलो. "काशीबाई, तो आता मातीत मिसळला. तो कसा उचलणार?"

ती हसली नाही. उभ्यानंच सांगत राहिली, आणि ऐकता ऐकता मी खुर्चीतून उठलो ते पुन्हा बसलो नाही.

त्या भागात चुना दोनदाच पडायचा. पटकीनं माणूस गेलं की त्याच्या दारात, आणि कुजलेलं मढं सापडलं की त्याच्यावर. लोकांनी काय पाहिलं होतं? लहान खड्डा. त्यात लोटलेलं पांढरं जाळीचं, झबल्यासारखं काहीतरी. वर चुना. साहेबानं तिच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. आणि कागदावर 'मृत' हा शब्द. एवढ्यावरून पाड्यानं जे जुळवायचं ते जुळवलं: सुईणीच्या बेटात तान्हं पोर पुरलेलं होतं आणि ते सरकारनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं. कुणाचं पोर, कधीचं, याची उत्तरं प्रत्येकाकडे वेगवेगळी होती. काशीला कुणी विस्तव देईना, तिच्याकडे कुणी तंबाखू मागेना.

"ता सगला मी सोसन," ती म्हणाली. "पन मंगलीची सून सोनी, तिचे दिस भरलेत. मंगली बोलते, तुझा हात आमच्या पोरीला नाय लागायचा."

"दुसरी सुईण नाही?"

"हाय, ओढ्यापलीकडं. ओढा चढला तर कोन येल? आनि साहेब, सोनीच्या पोटात पोर पायाळू हाय. मी आदी हात लावून बघितलेला. मला ठावा हाय. दुसरीला कलायला येळ जाल."

पायाळू, म्हणजे पायांकडून येणारं. डोळ्यांसमोर ओढा आला. मी गणपतला हाक मारली आणि तसेच निघालो.

पाड्यावर जाऊन मी माणसं गोळा केली आणि मोठ्या आवाजात सांगितलं की ते मढं नव्हतं. मंगली पुढे आली. उंच, हाडाची बाई, आणि सोनीच्या नवऱ्याच्या पाठची तिची तीन पोरं गेलेली. तिनं शांतपणे विचारलं, "मंग काय होता?"

मी पाहिलंच नव्हतं.

"तूच लिवलास ना, मेलेला जनावर? पाटलान सही केली. कंचा जनावर होता?"

मी पाटलांकडे पाहिलं, पाटलांनी आभाळाकडे. मी गणपतकडून खड्डा उकरून घेतला. चुन्यानं आपलं काम चोख केलं होतं. ओल्या राखाडी चिखलाशिवाय आत काही नव्हतं. पुरावा मीच खाल्ला होता. मंगली ते बघून घराकडे चालायला लागली. त्या दिवशी मला माझ्या नाकाची पहिल्यांदा लाज वाटली.

संध्याकाळच्या आत काशी मला कळकाच्या बेटात घेऊन गेली. वाकून हातानं पाला बाजूला करत राहिली, घाईनं नाही, झोपलेल्या पोराचं पांघरूण सारावं तसा. एके ठिकाणी थांबली. पाल्याखाली दोन अंडी होती, गावठी कोंबडीच्या अंड्याएवढी, पांढरी, आणि बुडाला दोऱ्यासारखं मूळ. मी बोट लावलं. मऊ आणि गार.

"हा त्याचाच हाय. येल वर."

"कधी?"

"उद्या येल, चार दिसान येल. त्याचा तो येल."

मी पाटलांच्या पडवीत मुक्काम ठोकला. गणपतला म्हटलं, तू जा. तो म्हणाला, आता मी बी बघूनच जानार. मंगलीला निरोप धाडला की जे वर येईल ते येऊन बघ. निरोपाचं उत्तर आलं नाही.

पहिल्या सकाळी काहीच झालं नाही. त्या सकाळीबद्दल मला सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं आणि लिहायला सगळ्यात कमी आहे. उजाडत होतं. पाऊस पडत नव्हता, पण कळकांच्या पानांवरचं पाणी उगीच थांबून थांबून टपकत होतं. मी, गणपत आणि काशी गोणपाटावर बसलो होतो आणि समोर दोन अंडी. धुकं इतकं की पाडा होता की नाही कुणास ठाऊक. काशीनं कोरा चहा केला, गुळाचा. मी प्यायलो, मग पाणी मागितलं आणि तेही प्यायलो, दोनदा. कुडाआडून कुणी बघत असलं तर त्यांनी बघावं म्हणून जरा उंच धरून प्यायलो. त्या पाण्याचा पोटानं दुसऱ्या दिवशी हिशेब घेतला, पण ते असो.

काशी बोलत होती. तिच्या आईचं बोट धरून ती पहिल्यांदा बाळंतीण बघायला गेली ते, ज्याची नाळ सगळ्यात आधी कापली तो आता पोलीस पाटील आहे ते. "त्याला पायाला धरून उलटा केलेला," ती म्हणाली, "तेव्हा कुठं रडला." गणपत इतका हसला की पाखरं उडाली. मला वाटलं, हे असंच चालू राहावं. ऑफिस नको, नोंदवही नको, अंडी फुटलीच नाहीत तरी चालेल. नोकरीत असं मला क्वचितच वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी उजाडताना काशीनंच उठवलं. थोरल्या अंड्याला वरून चीर गेली होती. गणपतनं पाटलांना हाक मारली, पाटलांनी आणखी चार जणांना. बायका आल्या, लांब उभ्या राहिल्या. आणि सगळ्यांच्या मागून मंगली आली. ती उभी राहिली नाही. सरळ पुढे येऊन अंड्यासमोर जमिनीवर बसली, गुडघ्यांना मिठी घालून.

मी आयुष्यात पिकं वाढताना पाहिली आहेत, म्हणजे काल एवढं होतं आणि आज एवढं झालं अशी. डोळ्यांदेखत काही वाढताना तेव्हाच पाहिलं. चीर रुंदावली. आतून हिरवट-काळं, चिकट टोक बाहेर आलं आणि त्याखाली पांढरा, सच्छिद्र दांडा हळूहळू वर सरकायला लागला. थांबतोय असं वाटायचं, पापणी लवली की बोटभर उंच. त्याचा आकार सांगण्यासारखा नव्हता. म्हाताऱ्यांनी तोंडात पदर कोंबले, एकीला हसू आवरेना तेव्हा ती पाठ करून बसली. पाटील घसा साफ करून म्हणाले, "बायकांनी घरी जावं." एकही हलली नाही.

मग वास आला. तोच. लोक मागे सरकले, कुणीतरी थुंकलं. मी डोळे उघडे ठेवूनच हुंगला. नाकानं पुन्हा तेच सांगितलं, कुजलेलं मांस, आणि डोळ्यांसमोर ते ताजं, पांढरंशुभ्र, दवानं भिजलेलं उभं होतं. पहिली माशी आली, मग दहा आल्या.

आणि त्या टोकाखालून जाळी उतरू लागली. पांढरी, नाजूक, एकेक घर उलगडत. कुणी विणून आत घडी करून ठेवली होती आणि आता सोडत होतं. गणपत पुटपुटला, "आयला, जाला टाकतोय." खरंच, उथळ पाण्यात उभ्यानं टाकलेलं जाळं पसरतं तशीच ती चारी बाजूंनी पसरत जमिनीकडे येत होती. घाण वासात उभं राहून पाडाभर माणसं ते बघत होती, आणि मला वाटतं तेवढ्या वेळात प्रत्येकजण कुठेतरी लांब जाऊन आला. मी तरी गेलो होतो.

जाळी जमिनीला टेकली. पंधरा दिवसांपूर्वी मी जे खड्ड्यात लोटलं होतं ते हेच. मागून एक म्हातारा म्हणाला, "च्यायला, छत्री. छत्रीला चुना मारला साहेबान." हशा पिकला. मीही हसलो, माझ्यावरच.

मंगली हसली नाही. ती उठली, मागचा चिखल झटकला आणि काशीकडे बघून म्हणाली, "चल. सोनीला कला येतात."

"कदीपासून?"

"कोंबडा आरवायच्या आदीपासून."

काशीचा चेहरा मी तेव्हा पाहिला. "आनि तू हितं बसून होतीस?" एवढंच ती बोलली आणि पळत सुटली. पन्नाशीची बाई चिखलातून, बांधावरून, पळत. मी तासभर जो सोहळा बघत होतो, तो मंगली काय म्हणून बघत होती ते मला तेव्हा उमगलं. घरात सून तळमळत होती आणि ही, आत कुणाचा हात लावू द्यायचा ते ठरवायला, जाळी जमिनीला टेकण्याची वाट बघत होती. मीच तिला बोलावलं होतं.

काशीनं मंगलीला घरातून बाहेर काढलं. आम्ही वळचणीखाली उभे. पाऊस लागला. आतून सोनीचं ओरडणं आणि त्यावर काशीचा सपाट, न थांबणारा आवाज. मंगली कुडाला डोकं लावून उभी होती. कितीतरी वेळ गेला. मग दोन्ही आवाज थांबले. मग पाठीवर थापट्या मारल्याचा आवाज. मी मनात आकडे मोजायला लागलो आणि मधेच चुकलो. त्यानंतर पोर रडलं.

मंगली होती तिथे, पागोळ्यांखाली, मटकन बसली आणि रडायला लागली.

काशी बाहेर आली ती हात पुसत. "पोर हाय. आई बी हाय," ती म्हणाली. मंगलीनं तिचे पाय धरले. "माझा चुकला, काशे, माझा चुकला." काशीनं पाय सोडवून घेतले, रागानं नाही, वाटेतली वेल सोडवावी तसे.

"पुढल्या येलेला दुसरी बघ," ती म्हणाली. "मी आता नाय करायची. कोनाचाच नाय."

"असा नको बोलू गो."

"पंदरा दिस मी घसा फोडून सांगत होती. तुमी माझा नाय आयकला. त्या छत्रीचा आयकला." मग ती माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला सोसलं असतं. ती फक्त खूप दमलेली दिसत होती. "तू बी, साहेब."

ऑफिसात आल्यावर मी नोंदवहीतली ती ओळ खोडून वर 'छत्री' असं लिहिलं. वरिष्ठांनी शेरा मारला, खाडाखोड करू नये.

वाटलं होतं, रागात बोलली, निवळेल. पाटील जाऊन आले, सोनी पोराला घेऊन तिच्या दारात बसून आली. काशी पोराला मांडीवर घ्यायची, तेल लावायची, पण बाळंतपणाला म्हणून कुणाच्या घरात शिरली नाही.

पुढच्या पावसाळ्यात मी पावडर घेऊन पाड्याकडे निघालो होतो. ओढ्याशी पोचलो तर पलीकडून चार माणसं कळकाला झोळी बांधून घेऊन येत होती. आत बाळंतीण. तिला बोईसरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. काशी झोळीला लागून चालत होती. तिचा एक हात पांघरुणाखाली, त्या पोरीच्या पोटावर. माणसांना सारखी सांगत होती, हळू, डावीकडं खड्डा हाय, हळू. एकजण घसरून पडला म्हणून मी ओढा ओलांडून त्याच्या जागी खांदा दिला.

"काशीबाई," मी म्हटलं, "इथंच करा की मोकळी. पाणी बघा केवढं आहे."

तिनं पांघरुणाखालचा हात काढून घेतला आणि पोरीच्या अंगावर ते नीट सारखं केलं.

"पानी चढतंय, साहेब," ती म्हणाली. "उचला."

आम्ही उचललं. ओढा पार केला. काशी पलीकडच्या काठावरच थांबली. सालवडच्या अलीकडे झोळी वाटेवरच खाली ठेवावी लागली. बरोबरच्या माणसांनी तोंडं फिरवली, तेव्हा पोर माझ्याच हातात आलं. ते रडलं नाही. मी त्याला धरून उभा राहिलो. उलटं धरतात एवढं ऐकलं होतं, पण कसं धरायचं आणि पुढे काय करायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं, आणि ज्या बाईला ठाऊक होतं ती ओढ्यापलीकडे राहिली होती.